खुशालरावांच्या नावानं

पंचवटी चौकातला सिग्नल हिरवा झाला तरी मैना तायडेची स्कूटी जागची हलली नाही. मागच्या ऑटोवाल्यानं आधी भोंगा वाजवला, मग स्वतः वाजला, "ओ ताई, इथंच मुक्काम करता काय?" आणि तिच्या अंगाला जवळजवळ घासून निघून गेला. मैनाच्या हातात फोन होता. ललितभाऊंचा मेसेज. ललितभाऊ म्हणजे तिच्या कंपनीचे मालक. वाढदिवसाला प्रत्येकाला केक कापायला लावणारे आणि कुठलीही कडू गोष्ट हात जोडल्याच्या चित्रात गुंडाळून पाठवणारे. 'रिपोर्ट मेल केला. काकांच्या नावावर टाकून मोकळे होऊ. मेलेल्या माणसाचं काय जाते? संध्याकाळच्या आत सही करून पाठवजो.' आणि खाली ते दोन पिवळे हात. एप्रिलचं ऊन सकाळीच डांबरावर उतरलं होतं, स्कार्फच्या आत तिचे कान भाजत होते आणि डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. मेलेल्या माणसाचं काय जाते? वाक्य इतकं समजूतदार होतं की त्याला चटकन उत्तर सापडेना, आणि सापडेना म्हणून तिला जास्त राग आला. तो नेमका कुणाचा ते कळायच्या आत सिग्नल परत लाल झाला. पुन्हा हिरवा झाला तेव्हा ऑफिसकडं वळायचं सोडून तिनं गाडी बसस्टँडकडं घातली, पार्किंगमध्ये लावली, पाठीवरची लॅपटॉपची पिशवी घट्ट केली आणि अकोल्याच्या बसमध्ये चढून बसली. खिडकी तापलेली होती, सीटचं रेक्झिन तापलेलं होतं. बस बडनेऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण आज रजा टाकलेली नाही, आणि टाकायचं मनातही आलं नाही.

ज्यांच्या नावावर टाकायचं होतं ते काका म्हणजे खुशालराव काळमेघ. ललितभाऊंची कंपनी दुसऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळायची. जिनिंगवाल्यांचे, दोन-तीन दवाखान्यांचे, नांदगाव पेठच्या वसाहतीतल्या कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याचे. ते सगळे कॉम्प्युटर जणू एका भिंतीच्या आत होते आणि भिंतीला दार एकच. कुठंही जायचं असलं तरी आधी त्या एका मशीनमध्ये शिरायचं, मग तिथून पुढं. कॉम्प्युटरच्या पुस्तकात या दारावरच्या मशीनला बुरुज म्हणतात. खुशालरावांचा जन्म अमरावतीच्या परकोटाच्या आतला. त्यांनी परकोटाच्या जुन्या वेशीवरून त्याचं नाव अंबागेट ठेवून टाकलं. आतल्या मशीनांना गावातल्या बाजारांची, चौकांची नावं, इतवारा, राजकमल, गांधी चौक. "अंबागेटातून आत शीर, सरळ इतवाऱ्यात जा, तिथं कारखान्याच्या फायली हायेत," असं ते सांगायचे तेव्हा नव्या माणसाला वाटायचं, आपल्याला भाजी आणायला पाठवून राहिले. अंबागेटात पाय टाकला की काळ्या पडद्यावर त्यांनी लिहून ठेवलेली ओळ उमटायची, 'या. बसा. चपला बाहेर.' पहिल्या दिवशी ती ओळ वाचून मैना मोठ्यानं हसली होती, आणि साठीकडं झुकलेला तो गोल चेहऱ्याचा माणूस लहान मुलासारखा खूश झाला होता. तिला सगळं काम त्यांनी शिकवलं. आडनाव विचारून झाल्यावर ज्यांचा आवाज बदलला नाही, अशी माणसं तिच्या आयुष्यात थोडी होती. खुशालराव त्यांतले एक. त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं, आणि ते म्हणाले, "बरं, डब्यात काय आणलं?"

दार एक होतं, आणि खरी गंमत म्हणजे चावीही एकच होती. काकांची. कंपनी सुरू झाली तेव्हा ते एकटेच होते. दुसरा आला, त्याला त्यांनी आपली चावी दिली. तिसरा आला, त्यालाही दिली. मैनाला दिली ती पेनड्राइव्हवर, पेढ्यासोबत. वेगळ्या माणसाला वेगळी चावी करणं त्यांना परकेपणाचं वाटायचं. "घरच्या माणसाले कायची व वेगळी चावी?" सगळेच त्यांच्या नावानं आत जात, म्हणून अंबागेटाच्या नोंदीत दिवसभर एकच माणूस ये-जा करायचा. खुशालराव आत आला, खुशालराव बाहेर गेला. आत जाऊन काय केलं, ते तर कुठंच उमटत नव्हतं. मग दोन वर्षांपूर्वी ऑफिसातच डबा उघडताना त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या पायरीवर सगळं संपलं. तेरवीहून परतल्यावर मैनानं ते खातं बंद करायचं काढलं तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं त्यांची तसबीर रद्दीत टाकायला सांगितली. शेजारच्या टेबलावरचा श्याम, काकांचा सगळ्यात लाडका, डोळे पुसत म्हणाला, "राहू दे ना व. तेवढंच त्याहीचं नाव चालू राहीन." नाव चालू राहिलं. मेलेला माणूस रोज वेळेवर कामावर येत राहिला, कधी कधी एकाच वेळी चार-चार ठिकाणी. श्याम अधूनमधून अकोल्याला शकुनकाकूंना, म्हणजे खुशालरावांच्या बायकोला, फोन लावून सांगायचा, "काकू, काका आजबी ड्युटीवर हजर!" काकू तिकडं खळखळून हसायच्या आणि इकडं स्पीकरवर सगळं ऑफिस हसायचं. मैनाही हसायची. त्या लोकांचं प्रेम खोटं नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि त्यामुळंच ते खातं बंद करायला तिचा हात धजला नव्हता.

पण हात स्वस्थही बसला नव्हता. अंबागेट तिच्या ताब्यात होतं, तिच्या नेमणुकीच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं, आणि तिनं गेल्या वर्षभरात त्याला आतून नवं केलं होतं. प्रत्येकाची आपापली चावी. ती चावी रोज सकाळी नव्यानं घ्यायची, संध्याकाळी ती आपोआप मरणार. सोबत फोनवर येणारा आकडा. कोण आलं, कुठं गेलं, आत काय टाईप केलं, सगळं टिपलं जाणार, आणि टिपलेल्याची प्रत लगोलग दूर बाहेरगावच्या एका मशीनमध्ये जाऊन पडणार, जिला अमरावतीतून कुणाला बोट लावता येणार नाही. स्वतः मैनालाही नाही. या शेवटच्या गोष्टीचा तिला फार अभिमान होता. स्वतःवरसुद्धा विश्वास न ठेवणारं दार तिनं बांधलं होतं. ज्याची त्याची चावी कशी घ्यायची ते ज्याच्या त्याच्या मेलमध्ये पाठवून झालं होतं. कुणी उघडूनही पाहिलं नाही. ललितभाऊ म्हणायचे, "दिवाळी जाऊ दे." मग म्हणाले, "मार्च होऊ दे." मार्चमध्ये कारखान्याच्या फायली गेल्या. कारखान्यातून नाल्यात सुटणाऱ्या पाण्याचे आकडे मोजणारं यंत्र होतं, त्याची अख्ख्या हिवाळ्याची मोजणी इतवाऱ्यात साठवलेली होती. नाल्याखालच्या गावानं तक्रार केली, पाणी जांभळं येते, ढोरं तोंड लावत नाहीत. सरकारी तपासणीवाल्यांनी आकडे मागितले. फाईल उघडायला गेले तर जागा रिकामी. आणि अंबागेटात नोंद काय? खुशालराव आत आला. खुशालराव बाहेर गेला.

आता तपासणीवाल्यांना द्यायच्या, दार मैनाच्या ताब्यात म्हणून तिच्या सहीच्या रिपोर्टात ललितभाऊंनी लिहिलं होतं की कै. खुशालराव काळमेघ यांनी पूर्वी बनवलेल्या साफसफाईच्या प्रोग्रामनं त्या फायली आपोआप पुसल्या. सदर प्रोग्राम त्यांनी निष्काळजीपणे चालू ठेवला होता. निष्काळजीपणे. या शब्दाशी मैनाचं डोकं मूर्तिजापूरपर्यंत अडून राहिलं. तो प्रोग्राम तिनं ओळ न् ओळ वाचलेला होता. पुसण्याला इतका भिणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नाही. जुन्या बसच्या तिकिटाच्या मागंही काही लिहिलं असलं तर ते फेकत नसत. त्यांचा प्रोग्राम एकेक फाईल समोर धरून विचारायचा, 'पुसू का? हो / नाई', आणि उत्तर येईपर्यंत बसून राहायचा. आपोआप तो एक अक्षर पुसत नव्हता. म्हणजे कुणीतरी बसलं, कुणीतरी वाचलं आणि कुणीतरी 'हो' म्हटलं. चुकून की समजून? ललितभाऊंनी? श्यामनं? कारखान्याच्या एखाद्या माणसाला कुणी चावी दिली होती का? तिनं डोकं फोडून घेतलं तरी कळण्यासारखं नव्हतं. सगळे एका ऑफिसातून, एकाच वायरीतून, एकाच नावानं गेलेले. गुन्हा होता, पण त्याला चेहरा नव्हता. मोकळा चेहरा एकच उरला होता, तो हार घातलेल्या तसबिरीतला, आणि ललितभाऊंनी तो उचलला. त्यात चिडण्यासारखं काय आहे, असंही तिचं एक मन म्हणत होतं. काका असते तर स्वतःच म्हणाले असते, टाक माह्या नावावर, पोट्ट्याइले कायले तरास. बसच्या दारात गोटी सोडावाला बाटल्या वाजवत उभा होता, तो आवाज तिच्या दातांत शिरत होता. काका म्हणाले असते, हे खरं. पण काका म्हणायला नाहीत. त्यांच्या वतीनं ललितभाऊ म्हणत आहेत. तिनं सोडा घेतला, अर्धा अंगावर सांडला.

तिच्या मनात एक काटा होता आणि तो ललितभाऊंनी नव्हे, श्यामनं टोचला होता. नव्या दाराचं तिनं सांगितलं त्या दिवशी तो हसत म्हणाला होता, "म्हणजे आता तू मुकादम झाली म्हण ना. कोण कवा आलं, कोण काय करून राहिलं, सारं लिवून ठेवशीन." मुकादम हा शब्द त्यानं सहज वापरला, त्याला काय माहीत. तिचं नाव तिच्या आजीचं. ती म्हातारी मैना धामणगाव रेल्वे या गावातल्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या धुरळ्यात उभी राहून जन्म काढून गेली. हजेरीत या बायांची नावं नसत. मुकादमाचं नाव रामराव, म्हणून त्या सगळ्या रामरावच्या बाया. आजी हे कधी रडत सांगायची नाही, ऐटीत सांगायची. एका उन्हाळ्यात भर दुपारी रेच्याच्या, म्हणजे सरकी काढायच्या मशीनच्या, दातात कुणीतरी दगड सरकवला, मशीन खर्रकन बंद पडलं आणि बायांना लिंबाखाली पाठ टेकायला मिळाली. मालक ओरडत आला, कोणी घातला? सगळ्या खाली पाहून म्हणाल्या, रामरावच्या बायाइनं. आता काढ म्हणा शोधून! आजीला एक दात उरला नव्हता तेव्हाही ही गोष्ट सांगताना ती मांडीवर थाप मारून हसायची, आणि लहानपणी मैनाला वाटायचं, त्या गर्दीसारखी उबदार जागा जगात नसेल. त्या आजीची नात आता नावं टिपायचं यंत्र बांधत होती. चांगलं शिकली म्हणा पोरगी. बसमध्ये बसल्या बसल्या तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली, आणि मूर्तिजापूरच्या पुढं ती लाज हळूहळू दुसऱ्याच कशात बदलत गेली. दगड घालणाऱ्या बाईला लपायला दुसरी जागा नव्हती. तिच्याकडं दार नव्हतं, चावी नव्हती, पंखा नव्हता. इथं त्या गर्दीत मालक येऊन बसला होता. बायांच्या मधोमध, डोक्यावर पदर घेऊन, खाली पाहून. आणि नाल्याखालच्या गावात जांभळं पाणी भरणाऱ्या ज्या बाया होत्या, त्यांना कुणी विचारलंच नाही की तुमचं नाव काय. नाही, आजी हसली नसती. आजीनं आधी त्याचा पदर ओढला असता.

भीती मात्र वाटत होती, ती काही राग आला म्हणून जात नव्हती. अमरावतीत अशी दुसरी नोकरी नव्हती. ही गेली तर परत पुणे; आणि पुण्याहून ती आली होती ती बाबांसाठी. देवराव तायडे बडनेऱ्याच्या घरात एकटे होते, त्यांना एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानं ते फक्त पेपर वाचायचे. सकाळी निघताना ते म्हणाले होते, येताना दही आण. सही करून टाकली तर ती संध्याकाळी दही घेऊन घरी जाणार, कुणाचा एक केस वाकडा होणार नाही, अंबागेट होतं तसं राहणार आणि खुशालराव उद्याही वेळेवर कामावर येणार. सही न करायची तर मग तिनं नुसतं घरी बसायला हवं होतं. ती अकोल्याला का निघाली होती? याचं उत्तर तिच्याकडं बोरगाव मंजू येईपर्यंत नव्हतं. मग हळूच आलं. ते नाव बंद करायचा अधिकार तिच्या नेमणुकीच्या कागदात होता. पण ते नाव तिचं नव्हतं. ज्या बाईचं होतं तिला कुणी काही विचारलेलं नव्हतं.

शकुनकाकूंचं घर अकोल्यातल्या कौलखेडात. गच्चीवर बाजेवर जुनं लुगडं अंथरून त्यांनी कुरडया वाळत घातल्या होत्या आणि स्वतः जिन्याच्या सावलीत काठी घेऊन चिमण्यांवर पहारा करत बसल्या होत्या. कृषी विद्यापीठात टायपिस्ट म्हणून जन्म काढलेली बाई. पाठ अजून ताठ, जीभ त्याहून ताठ. "काहून व माय, एवढ्या उन्हाची?" त्या म्हणाल्या. "श्यामनं नाई सांगितलं तू येऊन राहिली म्हणून." मैना म्हणाली की श्यामला माहीत नाही. काकूंनी तिला एकदा नीट पाहिलं, खाली जाऊन मठ्ठा आणला आणि तिनं पेला संपवल्यावर म्हणाल्या, "आता सांग." मैनानं सगळं सांगितलं. दार, चावी, नाल्याचं पाणी, पुसलेल्या फायली. रिपोर्टातलं ते वाक्य तिनं वाचून दाखवलं, निष्काळजीपणे या शब्दासकट. काकूंचा चेहरा लाल होत गेला आणि त्यांनी काठी जमिनीवर आपटली. कुरडयांवर नसलेल्या चिमण्याही उडाल्या.

"मंग ज्यानं केलं त्याचं नाव काढ ना! एवढं शिकली तू. काढ अन् लाव त्या ललितच्या तोंडाले."

"नाई काढता येत, काकू. सगळे काकांच्याच नावानं आत जात होते. मीबी. कोणी केलं ते कोणालेच सांगता येणार नाई. कधीच."

"कधीच?"

"कधीच."

काकूंनी काठी मांडीवर आडवी घेतली. खाली गल्लीत कुणाचा तरी कूलर खडखडत होता. मैनाला वाटलं आता त्या रडतील, आणि त्या रडल्या तर आपल्याला पुढचं बोलता येणार नाही; म्हणून तिनं घाईघाईनं बोलून टाकलं, जे बसमध्ये शंभरदा मनात फिरवूनही जमलेलं नव्हतं. "चावी वाटली ही चूक काकांचीच होती. पुसलं त्याहीनं नाई. पण दार त्याहीनंच उघडं ठेवलं होतं. जीव लावला म्हणून ठेवलं, तरी ठेवलं." हे बोलल्यावर तिला स्वतःच्या जिभेची भीती वाटली. मेलेल्या माणसाबद्दल त्याच्या बायकोच्या गच्चीवर बसून, तिचा मठ्ठा पिऊन, कुणी असं बोलतं का?

"मले सांगतं काय," काकू म्हणाल्या. "घराचीबी तीच गत होती. सारी गल्ली येऊन फ्रिज उघडे. मी बोंबलत राहो, हे हसत राहत." मग त्यांनी हात पुढं केला. "मले दाखव बरं. ते येतात म्हणते ना श्याम. कसे येतात ते दाखव."

मैनानं लॅपटॉप उघडला, फोनवरून इंटरनेट जोडलं, आणि अंबागेटाची आजची नोंद समोर धरली. काकूंनी चष्मा चढवला. ओळींवर ओळी होत्या. खुशालराव आत आला. खुशालराव बाहेर गेला. आत आला. आत आला. काकूंचं बोट पडद्याच्या काचेवरून खाली खाली सरकत गेलं, आणि मैनाला दिसलं की त्यांच्या ओठांच्या कडेला ते फोनवरचं हसू यायला लागलं आहे. दोन वर्षांचं ते हसू होतं, सवयीचं. तेवढ्यात खाली एक नवी ओळ उमटली. अगदी आत्ताची. खुशालराव आत आला. काकूंचं बोट थबकलं.

"हे कोण होय?"

"माईत नाई, काकू."

"श्याम असन?"

"असन. ललितभाऊबी असतीन. कोणीबी असन."

"म्हणजे आत्ता, ह्या टायमाले, कोणीतरी ह्यांचं नाव अंगात घालून फिरून राहिला. अन् तो कोण ते तुलेबी माईत नाई अन् मलेबी." काकूंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज चढला नव्हता. उतरला होता, आणि तो मैनाला जास्त सहन होईना. "दोन वर्षं मी लोकाइले सांगत राहिली, आमचे हे अजून ड्युटीवर हायेत. शेजारणीले सांगितलं. भावाले सांगितलं. हसून हसून सांगितलं. असा कोणीबी परका माणूस माह्या नवऱ्याच्या नावानं रोज उठून जाये, अन् मी हसू!" त्या उठल्या आणि बाजेपाशी जाऊन कुरडया उलटवायला लागल्या. एक, दुसरी, तिसरी. दोन-चार ओल्या होत्या, हातात तुटल्या, तरी त्या उलटवत राहिल्या. मैना पाठीमागून त्यांच्या खांद्यांकडं पाहत होती. तिला उठून जवळ जावंसं वाटलं आणि जाववेना. मग पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, "बंद केलं तर काय होते?"

"मंग ते येणार नाईत."

"कधीच?"

"कधीच."

"तुही नोकरी?"

"जाईन बहुतेक."

काकू वळल्या. डोळे ओले होते आणि त्याची त्यांना पर्वा नव्हती. "कर मंग," त्या म्हणाल्या. "माह्या समोर कर. मले पाहू दे."

वर्षभर जी गोष्ट दिवाळी आणि मार्चवर अडली होती तिला दोन ओळी लागल्या. मैनानं पहिली ओळ एकदा चुकवली, पुसली, परत लिहिली. एंटर मारलं आणि काकांच्या नावानं आत बसलेले सगळे एकदम बाहेर पडले. नोंदीत ओळी आल्या, खुशालराव बाहेर गेला, बाहेर गेला, बाहेर गेला, आणि मग ते नाव थांबलं. तिला वाटलं होतं आपल्याला हलकं वाटेल. हलकं वगैरे काही वाटलं नाही. दवाखान्याच्या त्या पायरीवर काका गेले होते तसेच आता परत गेले, आणि या वेळी ते तिनं स्वतःच्या हातानं केलेलं होतं. पण हात मागं घ्यावासा एकदाही वाटला नाही. तिनं ललितभाऊंचा रिपोर्ट उघडला, त्यातला मजकूर सगळा काढून टाकला आणि नवा लिहिला. फार वेळ लागला नाही. लिहून झाल्यावर काकूंनी तो मागितला, टायपिस्टच्या नजरेनं वाचला, एका ठिकाणी राहिलेला अनुस्वार दाखवला आणि म्हणाल्या, "पाठव." तिनं तो तपासणीवाल्यांना पाठवला आणि प्रत ललितभाऊंना.

पहिला फोन श्यामचा आला. "अवं मैना, अंबागेट उघडून नाई राहिलं! सारे बाहेर पडलो." ती म्हणाली, "तुझी चावी तुझ्या मेलमध्ये हाय, श्याम." तो हळूच म्हणाला, "काकाइले काढलं तू?" त्याच्या आवाजातलं दुःख खरं होतं. "हो," ती म्हणाली, "काकू माह्या बाजूलेच बसल्या हायेत." श्यामनं फोन ठेवला. त्यामागोमाग ललितभाऊंचा आला. काकूंनी खूण केली, तिनं स्पीकर लावला.

"मैना, हे काय लावलं तू? सुरू कर पयले ते."

"नाई होणार, भाऊ."

"नाई होणार म्हणजे? माही कंपनी हाय. अन् हा रिपोर्ट काय पाठवला? कोणाले विचारून पाठवला?"

"वाचला काय?"

"मले वाचायले टाईम नाई."

"मंग मीच सांगतो." घरी बाबांशी बोलताना ती असंच बोलायची, सांगतेच्या जागी सांगतो, जातेच्या जागी जातो, ऑफिसात कधी बोलली नव्हती. "त्यात लिवलं हाय का फायली कोणी पुसल्या ते सांगता येत नाई, कावून का आमी सारे एका गेलेल्या माणसाच्या नावानं आत जात होतो. मीबी जात होतो. त्याचा प्रोग्राम विचारल्याबिगर काही पुसत नाई, म्हणून पुसलं ते कोण्या जित्या माणसानं पुसलं. खुशालराव काळमेघ यायनं नाई. अन् खाली सही हाय, मैना देवराव तायडे."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ललितभाऊ बोलले ते आता हळू आवाजात, समजावणीच्या सुरात, ज्या सुरात ते केक कापायला लावायचे. "पाय, तू लेकीसारखी हाय मले. उद्यापासून येऊ नको म्हणायची येळ आणू नको माह्यावर. मले आत्ता आत एक काम हाय, अर्जंट. दहा मिन्टं उघड ते जुनं. मंग बंद कर, तुले जे करायचं ते कर."

"काम हाय तर जा ना, भाऊ. दार बंद नाई. तुमची चावी तुमच्याजवळ हाय."

"त्यानं गेलो तं मी काय केलं ते उमटन?"

"उमटन."

"अन् ते काढता येईन?"

"मलेबी नाई येणार."

काकू पुढं वाकल्या होत्या. त्यांच्या हातात तुटलेली कुरडई होती आणि ती त्यांनी मुठीत धरली होती. मैनाची भीती अजून तिथंच होती, आणि तिच्या शेजारी मांडी घालून दुसरंच काहीतरी बसलं होतं, आजीच्या वळणाचं, हलायला तयार नसलेलं.

"मंग या, ललितभाऊ," ती म्हणाली. "तुमच्या नावानं या."

त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता, की-बोर्डवर एक-दोन बोटं पडल्याचा आवाज आला आणि तो थांबला. गच्चीवरच्या सावलीत दोघी लॅपटॉपच्या पडद्याकडं पाहत बसल्या. फोन चालू होता. आत कोणीच येत नव्हतं.